मलेरियाचा डास ओळखताना: आधी पाल्प, मग पंख, पाय सगळ्यात शेवटी

पायांवर पांढरे पट्टे दिसले की "हाच मलेरियाचा मच्छर" असं सांगून मोकळे होणारे गावोगावी भेटतात. तो काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा, दिवसा चावणारा डास एडिस असतो. डेंग्यू पसरवतो तो, मलेरियाशी त्याचा संबंध नाही. दुसरी चूक शिकल्या-सवरलेल्यांकडून होते. शाळेच्या पुस्तकात मागची बाजू वर करून तिरपा बसलेला डास पाहिलेला असतो. भिंतीवरचा डास तसा बसला नसेल तर तो मलेरियाचा नाही, असं ते ठरवून टाकतात. पण विदर्भाच्या खेड्यांत हिवताप पसरवणारा मुख्य डास म्हणजे ॲनोफिलीस क्युलिसिफेसिस, आणि तो इतर ॲनोफिलीसइतका तिरपा बसत नाही, बराचसा भिंतीला समांतर बसतो. त्याच्या नावाचा अर्थच मुळी "क्युलेक्सच्या तोंडवळ्याचा" असा आहे. म्हणजे बसण्याच्या ढबीवर विसंबलात तर नेमका जो पकडायचा तोच हातून सुटतो.

आशा ताई, आरोग्य सेवक, विज्ञानाचे शिक्षक आणि ग्रामपंचायतीत हे काम अंगावर घेणारी मंडळी यांना दहा पटीच्या साध्या भिंगावर जमेल असा क्रम पुढे दिला आहे. तो उलटापालटा केला की घोळ होतो.

## टप्पा १: सामान आदल्या दिवशी

- दहा पट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळजी किंवा सोनार डोळ्याला लावतात ते चालतं. वाचायचं मोठं गोल भिंग दोन-तीन पटीचंच असतं, त्यात पाल्प, म्हणजे सोंडेच्या दोन बाजूंच्या बारीक काड्या, दिसत नाहीत.
- टॉर्च.
- ओढनळी: साधारण ३० सेंमी लांब, आतून १ सेंमी रुंद पारदर्शक नळी. तिच्या एका टोकाला ५० सेंमी रबरी नळी जोडा आणि जोडाच्या जागी मच्छरदाणीच्या कापडाची दुहेरी घडी बसवा.
- कागदी कप, तोंडाला मच्छरदाणीचं कापड आणि रबर. कापडाला बोट जाईल एवढं छिद्र, त्यात कापसाचा बोळा.
- बारीक चिमटा, शिवणाची बारीक सुई, पांढरा कागद, पेन्सिल.
- अळ्यांसाठी पांढरा डाव किंवा साधारण ३०० मिली मावणारा पांढरा मग, लांब दांडा बांधलेला.

तपासणी: ओढनळीतून जोरात फुंका, मग जोरात ओढा. जाळी जागची हलली तर ती घट्ट बसवून घ्या, नाहीतर पहिलाच डास थेट घशात जाईल.

सावधान: घरात नुकतीच फवारणी झाली असेल तर तोंडाने ओढायची नळी तिथे वापरू नका. भिंतीवरची औषधाची भुकटी श्वासात जाते.

## टप्पा २: वेळ आणि जागा

सकाळी ६ ते ८. रात्री रक्त पिऊन जड झालेल्या माद्या तेव्हा भिंतीला चिकटून निवांत बसलेल्या असतात. चूल पेटून धूर झाला, झाडझूड, सारवण झालं, गुरं सोडली, की डास उठतात आणि दोन घरं फिरूनही हाती काही लागत नाही. त्यामुळे घरमालकाला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा की उद्या झाडण्याआधी येतो.

सुरुवात गुरांच्या कोठ्यापासून करा. क्युलिसिफेसिस माणसापेक्षा गुरांचं रक्त जास्त पितो, आणि कोठ्यात तो सहज मिळतो. भिंतीचा खालचा भाग, गोवऱ्यांच्या ढिगामागची ओलसर जागा, कवेलूंच्या किंवा गवताच्या छपराची आतली बाजू, कोळ्याची जाळी बघा. घरात अंधारी खोली घ्या: खाटेखाली, धान्याच्या कोठीमागे, दोरीवर टांगलेल्या कपड्यांच्या घड्यांत, देव्हाऱ्याच्या मागे. उजेडाच्या ओसरीवर वेळ घालवू नका.

कोठ्यात सापडलेला डास "गुरांचाच" आणि घरातला "माणसाचाच", असा निष्कर्ष काढू नका. कोठ्यात जेवून घरात निजणारे आणि घरात चावून कोठ्यात जाणारे, दोन्ही असतात. पोटात लाल रक्त दिसलं म्हणजे ते माणसाचं, हेही डोळ्यांनी सांगता येत नाही.

सावधान: डास पकडायला स्वतःचा उघडा पाय पुढे करून बसू नका. जंगलपट्ट्यात तर मुळीच नको.

## टप्पा ३: पकडणं

डास दिसला की आधी दोन सेकंद थांबा आणि तो कसा बसलाय ते बघून घ्या. पकडल्यावर ती माहिती परत मिळत नाही. ढोपरात वाकून बाजूने बघावं लागतं, समोरून सगळेच सपाट दिसतात.

मग टॉर्च भिंतीला तिरका धरा, म्हणजे सावली लांब पडते आणि डास लगेच दिसतो. प्रकाश थेट त्याच्यावर रोखून ठेवला तर तो उडतो. नळीचं तोंड डासावर हलकेच न्या, अगदी जवळ गेल्यावर एक छोटा, झटकन श्वास ओढा. लांबून मोठा श्वास ओढणाऱ्यांच्या हाती धूळच जास्त लागते. नळीच्या तोंडावर बोट ठेवा, कपात नळी घाला, हळू फुंका. एका नळीत पाच-सहापेक्षा जास्त साठवू नका, एकमेकांवर घासून त्यांचे खवले झडतात.

या कामात सगळा खेळ त्या खवल्यांचा आहे. पंखांवरचे काळे-पांढरे ठिपके म्हणजे रंगीत खवलेच. टाळी वाजवून मारलेला, रॅकेटवर भाजलेला किंवा झाडूने पाडलेला डास ओळखायला आणू नका. तसल्या डासावरून कोणी जातीचं नाव सांगितलं तर तो अंदाज समजा.

प्रत्येक घरात मोजून १५ मिनिटं द्या आणि ती लिहून ठेवा. घनता काढायचं सूत्र सोपं आहे: पकडलेल्या माद्या गुणिले ६०, भागिले एकूण मिनिटं गुणिले माणसं. दोघांनी चार घरांत प्रत्येकी १५ मिनिटं शोधलं आणि १८ माद्या मिळाल्या, तर माणशी तासाला ९. वेळ न लिहिता नुसतं "खूप मच्छर होते" असं लिहिलेलं कोणाच्याच कामाचं नसतं.

## टप्पा ४: मारणं आणि ठेवणं

फ्रीज असेल तर कप अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवा. फ्रीज नसेल तर झाकण लावलेल्या बाटलीत कापसावर नेलपॉलिश रिमूव्हरचे दोन-तीन थेंब टाका आणि डास व कापूस यांच्यामध्ये जाळी ठेवा. कापूस पंखाला लागला तर खवले चिकटून बसतात. हे काम चुलीपासून दूर, खिडकी उघडी ठेवून करा.

संध्याकाळपर्यंत जिवंत ठेवायचे असतील तर ५० मिली पाण्यात एक सपाट चमचा साखर विरघळवून त्यात बुडवून पिळलेला कापूस जाळीवर ठेवा आणि कप ओल्या फडक्यात गुंडाळा. कापूस पिळला नाही तर थेंब गळून डास चिकटतात.

मोठा, म्हणजे पूर्ण वाढलेला, पंखांचा डास स्पिरिटमध्ये टाकायचा नाही. त्यात खवले सुटतात आणि रंग फिका पडतो. अळीला मात्र स्पिरिट चालतं. मेलेला डास टिश्यू कागदाच्या सैल घडीत, छोट्या डबीत ठेवा आणि डबीत बुटांच्या खोक्यात मिळते ती ओल शोषणारी पुडी टाका. श्रावणात दोन दिवसही कोरडं न ठेवता राहिलं तर डासाला बुरशी लागते.

## टप्पा ५: हा डास आहे का?

दिव्याभोवती घोंघावणारे सगळे मच्छर नसतात. तळ्याकाठच्या गावांत डासासारखी दिसणारी न चावणारी माशी ढिगाने येते. तिला लांब सोंड नसते आणि बसताना ती पुढचे पाय वर धरते. डास बहुधा मागचे पाय वर धरतो. भिंगाखाली डोक्यातून सरळ पुढे आलेली, डोक्यापेक्षा कितीतरी लांब सोंड दिसली तरच पुढे जा.

## टप्पा ६: नर बाजूला काढा

हा टप्पा लोक गाळतात आणि मग पाल्पमध्ये फसतात. नराच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार असतात, मादीच्या विरळ केसांच्या. नर चावत नाही, रोगही पसरवत नाही. त्याचे पाल्प मात्र क्युलेक्समध्येसुद्धा लांब असतात. झुपकेदार मिशांचा क्युलेक्स नर हाती लागला आणि लांब पाल्प पाहून ॲनोफिलीस म्हटलं, असं फार होतं. ॲनोफिलीस नराच्या पाल्पची टोकं लहान गदेसारखी फुगलेली असतात, पण तपशिलात जायची गरज नाही. झुपका दिसला की वेगळ्या पुडीत.

## टप्पा ७: पाल्प

सोंडेच्या दोन बाजूंना असलेल्या दोन काड्या म्हणजे पाल्प. मादीत एवढंच बघायचं:

- पाल्प सोंडेइतके लांब: ॲनोफिलीस.
- पाल्प सोंडेच्या बुडाशी दोन खुंटांसारखे आखूड: क्युलेक्स, एडिस, मॅनसोनिया किंवा आर्मिजेरिस. यांतला कोणीही मलेरिया पसरवत नाही.

बघायची पद्धत अशी. डास पांढऱ्या कागदावर कुशीवर ठेवा. चिमट्याने मागचा पाय धरा, पंख किंवा छाती नको. भिंग डोळ्याला टेकवा आणि कागद वर आणत स्पष्ट करा. भिंग कागदावर धरून डोळा लांब ठेवला तर दहा पटीचा काहीच फायदा होत नाही. उजेड बाजूने येऊ द्या. ॲनोफिलीस मादी वरून पाहिली तर एक नव्हे, तीन सोंडा दिसतात, त्रिशूळासारख्या.

पण मेल्यावर बऱ्याचदा दोन्ही पाल्प सोंडेला चिकटून बसतात आणि तिन्ही मिळून एकच जाड सोंड दिसते. नवख्यांच्या हातून ॲनोफिलीस सुटण्याचं मोठं कारण हेच. सोंड नेहमीपेक्षा जाड वाटली, किंवा तिच्यावर पांढरी आडवी वलयं दिसली, तर सुईचं टोक सोंड आणि पाल्प यांच्या फटीत हलकेच घालून बाजूला सारा. दोन काड्या सुट्या झाल्या की प्रश्न मिटला.

सावधान: वलयावरूनही फसगत होते. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, वाढणाऱ्या काही क्युलेक्सच्या सोंडेच्या मधोमध एक पांढरा पट्टा असतो. तो पट्टा सोंडेवर आहे की पाल्पवर, ते आधी ठरवा. पाल्प आखूड असतील तर पट्ट्याला अर्थ नाही.

## टप्पा ८: पंखाने खात्री

आपल्याकडच्या मलेरियावाहक ॲनोफिलीसच्या पंखाच्या पुढच्या कडेवर काळे आणि फिकट पिवळसर ठिपके आलटून-पालटून असतात, वेताच्या काठीवर असावेत तसे. क्युलेक्सचा पंख साधा, एकसारखा धुरकट.

इथे भंडारा, गोंदियाकडच्या मामा (मालगुजारी) तलावांच्या गावांत एक सापळा आहे. तलावात जलपर्णी असेल तर मॅनसोनिया भरपूर होतो आणि त्याचे पंखही ठिपकेदार वाटतात. त्याच्या पंखावर मीठ-मिरी सांडल्यासारखी सगळीकडे भुरभुर असते, पुढच्या कडेवर ठरावीक ठिपके नसतात, आणि पाल्प आखूड. म्हणून पंख पाल्पनंतर.

बसण्याची ढब आता, शेवटचा साक्षीदार म्हणून विचारात घ्या. तिरपा बसला होता तर ॲनोफिलीसची शक्यता पक्की होते. समांतर बसला होता तर त्यावरून नकार द्यायचा नाही.

## टप्पा ९: ॲनोफिलीस, पण कोणता?

भारतात ॲनोफिलीसच्या साठेक जाती आहेत. मलेरियाचे मुख्य वाहक त्यांतले सहाच. त्यांतले मिनिमस आणि बायमाय ईशान्येकडचे, सुंडाइकस अंदमान-निकोबारचा. आपल्याला तीन बघायचे: क्युलिसिफेसिस, फ्लुव्हिएटिलिस आणि स्टीफेन्साय. कोठ्यातून पकडलेले सगळे ॲनोफिलीस म्हणजे सगळे वाहक, असा अहवाल पाठवू नका. पावसाळ्यात कोठ्यात अनेकदा सबपिक्टस नावाचा ॲनोफिलीसच जास्त सापडतो आणि आपल्याकडच्या हिवतापात त्याचा वाटा मुख्य नाही.

आता पायांकडे वळा, या क्रमाने:

१. मागच्या पायाचं टोक चुन्यात बुडवल्यासारखं पूर्ण पांढरं? मग तो वरच्या तिघांपैकी नाही. वेगळा ठेवा.

२. पायांवर बारीक पांढरे ठिपके शिंपडल्यासारखे, आणि पाल्पवरही तसेच ठिपके, टोकाकडची दोन पांढरी वलयं रुंद? स्टीफेन्साय. हा बहुतेक शहराचा आणि तालुक्याच्या गावचा: छतावरच्या टाक्या, सिमेंटचे हौद, विहिरी, कूलर. खेड्यात सापडला तर लगेच कळवण्याजोगी नोंद.

३. पायांवर ठिपके नाहीत, पण पुढच्या पायाच्या पावलावर ठळक रुंद पांढरे पट्टे? सबपिक्टसच्या गटातला.

४. पाय साधे, ना ठिपके ना ठळक पट्टे, डास लहानसर, तपकिरी? क्युलिसिफेसिस किंवा फ्लुव्हिएटिलिस.

चौथ्यात अडकलात तर पंखाची तिसरी शीर बघावी लागते. टोकाकडे दोन फाटे फुटलेल्या शिरा दिसतात, त्यांच्या मधली बिनफाट्याची सरळ शीर ती तिसरी. ती बहुतांश काळी असेल तर क्युलिसिफेसिस, बहुतांश फिकट असेल तर फ्लुव्हिएटिलिस. दहा पटीच्या भिंगात हे क्वचितच नीट दिसतं, शाळेच्या सूक्ष्मदर्शकाचं सर्वात कमी पटीचं भिंग वापरा आणि उजेड वरून द्या. खालून उजेड दिला तर सगळे खवले काळेच दिसतात.

जागा आणि महिना इथे मदतीला येतात. क्युलिसिफेसिस पावसाळ्यात जोरात असतो. फ्लुव्हिएटिलिस डोंगर-जंगलातल्या मंद वाहत्या ओढ्यांचा. पावसानंतर नाले संथ झाले की वाढतो. गडचिरोलीच्या जंगलातल्या टोल्यावर (छोट्या वस्तीवर) आणि मेळघाटात दिवाळीच्या सुमारास पकडलेला साध्या पायांचा डास तिसरी शीर बघितल्याशिवाय क्युलिसिफेसिस म्हणून लिहू नका.

यापुढे भिंग चालत नाही. क्युलिसिफेसिस हा दिसायला सारख्या पाच जातींचा गट आहे, त्या गुणसूत्रांवरून किंवा डीएनएवरूनच वेगळ्या काढता येतात. तसंच डासात मलेरियाचा जंतू आहे की नाही हेही बाहेरून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत त्याच्या लाळग्रंथी काढून बघतात.

## टप्पा १०: अळी

मोठा डास हाती लागत नसेल तर पाण्याकडे जा. अळी ओळखायला भिंगही लागत नाही.

सूर्य समोर ठेवून पाण्याकडे जा, म्हणजे तुमची सावली मागे पडेल. सावली पाण्यावर गेली की अळ्या तळाला जातात आणि "इथे काही नाही" म्हणून लोक परततात. डाव तिरका धरून गवताच्या कडेने हळूच बुडवा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा. एका जागी निदान पाच डाव.

मगातलं पाणी स्थिर होऊ द्या. पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून, काडी पडून राहावी तशी आडवी: ॲनोफिलीस. तिला श्वासनळी नसते. डोकं खाली, शेपटीची नळी वर करून लटकलेली: क्युलेक्स किंवा एडिस. एडिसची नळी आखूड आणि जाड, क्युलेक्सची लांब. ॲनोफिलीसची अळी खाताना डोकं गर्रकन उलटं फिरवते. एकदा पाहिलं की विसरत नाही.

कुठे शोधायचं: रोवणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतली बांधी, धान उंच होऊन पाण्यावर सावली पडेपर्यंत, नदीपात्रातली डबकी, कालव्याचा पाझर, बोडीचा (लहान तळ्याचा) उथळ काठ, मुरूम काढलेले खड्डे, गुरांच्या खुरांचे ठसे. स्वच्छ, उन्हातलं पाणी. नालीतल्या काळ्या पाण्यात क्युलेक्स मिळेल. तिथे ॲबेट हे अळीनाशक टाकून मलेरिया थांबला असं समजणं ही गावपातळीवरची सगळ्यात महागडी चूक.

कोष मिळाले तर ते रुंद वाटीत त्याच पाण्यात ठेवून वर जाळी बांधा. एक-दोन दिवसांत मोठा डास बाहेर येतो, खवले शाबूत असलेला, ओळखायला उत्तम. तो बाहेर आला की निदान काही तास थांबा, रंग पक्के होऊ द्या.

सावधान: वाटी घरात विसरू नका. काम झालं की पाणी कोरड्या मातीवर ओता, नालीत किंवा टाक्यात नको.

## टप्पा ११: चिठ्ठी आणि नोंद

प्रत्येक पुडीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी: गाव, टोला, तारीख, वेळ, कोठा की घर, किती मिनिटं, किती माणसं, घरात शेवटची फवारणी कधी झाली, पकडणाऱ्याचं नाव. पेनाची शाई ओलीत पसरते. फवारणीची तारीख नसेल तर शून्य डास सापडलेल्या घराचा अर्थच लावता येत नाही.

मादीच्या पोटाची अवस्थाही एका शब्दात लिहा: रिकामं, ताजं लाल, अर्धं काळपट, फुगलेलं पांढरट, म्हणजे अंड्यांनी भरलेलं. जास्त करून ताज्या लाल पोटाच्या माद्या घरातच सापडत असतील तर ही माहिती फवारणीवाल्यांच्या थेट कामाची आहे.

पुड्या प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत जिल्हा हिवताप कार्यालयाकडे जातात. तिथल्या कीटक समाहारकाला (डास गोळा करून ओळखणाऱ्या कर्मचाऱ्याला) तुमचं उत्तर आधी सांगू नका, त्याला स्वतंत्रपणे ओळखू द्या आणि मग ताडून बघा. पहिल्या वीस-पंचवीस डासांत जिथे फरक पडला तो टप्पा पुन्हा करा. बहुतेकांचा तो सहावा किंवा सातवा निघतो.

आणि पकडायला गेलेल्या घरात कोणाला ताप असेल तर डासांचं काम बाजूला ठेवा. त्याच दिवशी आशा ताईकडून रक्ताची तपासणी करून घ्या, पंधरा-वीस मिनिटांत किटवर निकाल कळतो. घरात ॲनोफिलीस सापडला नाही म्हणून तापाची तपासणी टाळायची नाही; चावलेली मादी रात्रीतून बाहेर गेलेली असू शकते.